शेपटीच्या आत

मे महिन्यात सोनेगावच्या हँगरमध्ये
दुपारी बारा ते चार उघड्या पत्र्याला हात लावायचा नाही,
असा नियम कुठे लिहिलेला नाही.
हात लावला की कळतो.

दोन सीटांचं विमान, पंख उतरवून
लाकडी घोड्यांवर ठेवलेले.
एका शिकाऊ पोरानं ते धावपट्टीवर उतरवलं नव्हतं,
टाकलं होतं.
चाकांनी सोसलं. शेपटीपाशी मात्र
रंगाखाली केसाएवढी रेघ.

निमजे काकांनी ती आधी नखानं वाचली,
मग भिंगानं,
मग लाल औषध लावून, पुसून, वर पांढरी पावडर फवारली
आणि थांबले.
रेघ सावकाश लाल होत वर आली,
घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट
पाहुण्यांसमोर निघावी तशी.

"तडा कोनाचं ऐकत नाही," ते म्हणाले,
"त्याच्या टोकाले भोक पाडा लागते. गोल.
गोलाले कोपरा नसते,
मंग त्याले समजत नाही, आता जाव कुठं."
मी ड्रिल धरलं. धडधाकट पत्र्याला
मुद्दाम भोक पाडताना
हात अजूनही एकदा अडतोच.

अंगानं लहान, म्हणून आत मीच जाते.
पाठ कमानींवर, नाक पिवळ्या प्रायमरला लागलेलं,
मुठीत पोलादी ठोकळा.
बाहेर काका आणि हवेची बंदूक.
आमच्यामध्ये एक मिलिमीटरही नाही एवढा पत्रा.
ते ठोकणार, मी थोपवणार.
मग माझी टकटक:
एक म्हणजे बसला,
दोन म्हणजे अजून एकदा,
तीन म्हणजे गेला, काढा.
एवढ्या तीन शब्दांत आमची नऊ वर्षं.

रिव्हेट फ्रीजमध्ये, ताकाच्या पातेल्याशेजारी.
गार आहेत तोवर मऊ,
बाहेर काढले की काही मिनिटांत हट्टाला पेटतात.
इथल्या उन्हात तर वाटीतून आणेपर्यंतच
निम्म्यांचं मत बनलेलं असतं.

गेल्या दिवाळीपासून काका
ठोकून झालं की तळहात पत्र्यावर ठेवतात.
मला वाटलं, तपासतात.
मग एकदा खूप वेळ तसाच राहिला तळहात,
आणि मला उमगलं.
मी काही बोलले नाही.
ठोकळा जरा जोरात मारायला लागले, एवढंच.

तो पोरगाही आला एक दिवस. अद्वय देशकर.
दाराच्या चौकटीत, सावलीच्या रेघेवर उभा,
हातात संत्र्याची पिशवी, जशी दवाखान्यात नेतात.
"सर, खूप लागलंय का?"
काकांनी वर न बघता त्याच्या हातात बॅटरी दिली.
"इकडं मार उजेड. हालू नको."
दोन तास हालला नाही पोट्टा.
संत्री आम्ही तिघांनी तेलकट हातांनी खाल्ली,
साली मोजून डब्यात टाकल्या,
कारण विमानात काहीही विसरायचं नसतं.

बेचाळीस रिव्हेट.
एकोणचाळिसाव्याला मी दोनदा वाजवलं,
पुन्हा ठोकला, मग एकदा वाजवलं.
लॉगबुकात ते येत नाही.
तिथे येतं: तडा, लांबी, टोकाला भोक, वरून जोडपत्रा,
तारीख, इंजिनियर साहेबांची सही.
काकांची सही कुठल्याच कागदावर नाही,
माझी हजेरीपटावर आहे.

चाचणीच्या सकाळी विमान वर्धा रोडवरून वळलं,
उन्हात लहान झालं, नाण्याएवढं, मग नुसती चमक.
सगळे इंजिनचा आवाज ऐकत होते.
मी एकोणचाळिसावा ऐकत होते.
काका दुसरीकडेच पाहत होते,
टपरीकडे.

उतरलं. नीट.
काकांनी रिकामा स्टीलचा ग्लास
चमच्यानं दोनदा वाजवला.
चहावाल्यानं दुसरा चहा आणून दिला.
मी मात्र टॉर्च घेतला
आणि पुन्हा शेपटीत शिरले.